कठड्यावरची खाच

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. श्रीमंतांच्या बोटीवर आतल्या कामाची मुख्य म्हणून बारा वर्षं काढायची तर राग यायलाच लागतो. ज्याला येत नाही, त्याच्या नजरेतून काचेवरचा बोटाचा ठसा सुटतो.

आमची बोट म्हणजे पाण्यावरचं तीन मजली पांढरं घरच. मालक वर्षातून जेमतेम सात-आठ आठवडे राहतात. उरलेले दिवस आम्ही सोळाजण ती अशी ठेवतो, की जणू मालक पाच मिनिटांत येऊन पोचणार आहेत. चढायच्या शिडीपाशी एक टोपली असते. तिच्यात पायातलं काढून ठेवायचं, मग तुम्ही पाहुणे असा नाहीतर भाजीच्या पेट्या आणणारे असा. कुठल्या खोलीत कुठली वस्तू कशी ठेवायची याचे फोटो माझ्याकडे आहेत. उशीचं टोक खिडकीकडे, दिव्याची कळ भिंतीकडे, ग्लास ताटापासून दोन बोटं उजवीकडे. एसीच्या जाळ्या आम्ही कान कोरायच्या कापसाच्या काडीनं पुसतो. गालिचा साफ केला की उलट्या पावली बाहेर यायचं, कारण पाऊल उमटलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि खाली, पाण्याच्या पातळीला, आमच्या खोल्या. तिथे एकावर एक दोन पलंग. एकीला सदरा घालायचा असेल तर दुसरीनं पाय वर घेऊन बसायचं.

नवरा फोनवर चिडवतो, “दोन बोटं म्हणजे दोनच का गं? तीन झाली तर बोट बुडते?” मी त्याला म्हणते, तुला काय कळतंय त्यातलं! पण खरं सांगायचं तर कधीकधी मलाही वाटायचं, कुणासाठी चाललंय हे? कोण मोजतंय बोटं?

मोजणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मालकांची आई. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, पाठ सुतासारखी सरळ, कपड्यांना एक सुरकुती नाही. कुणाचा हात धरायच्या नाहीत. चुकून मदतीला कुणी पुढे झालंच, तर “मी काय पडायला आलेय?” म्हणून असा आवाज लावायच्या की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. ग्लास तीन बोटांवर गेला की त्यांचा हात अधांतरी थांबायचा आणि मग मला बोलावणं यायचं. मी समोर “हो मोठ्या बाई” म्हणायचे आणि खाली येऊन दात-ओठ खायचे. इतकी खडूस बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

या गोष्टीतला दुसरा हट्टी माणूस आमच्याच घरातला. माझे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणतात. पंचेचाळीस वर्षं लाकडाला पॉलिश करण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी काम सोडून घरी बसले आणि घरच्यांच्या नाकी नऊ आणले. जेवणाचं टेबल चारदा खरवडून झालं. मग शेजारच्यांचं दार न विचारता घासून ठेवलं. सासूबाई मला म्हणाल्या, “ह्यांना कुठेतरी घेऊन जा गं बाई, नाहीतर एक दिवस मलाच पॉलिश मारतील.”

आमच्या बोटीला दोन्ही बाजूंनी सागवानी कठडा आहे, मागच्या बैठकीपासून थेट पुढच्या डेकपर्यंत. तो कुणालाच नीट जमत नव्हता. जमायचा तो महिन्याभरात उन्हानं फुगायचा. कप्तान वैतागला होता. मी आबांचं नाव सुचवलं.

कप्तान म्हणाला, “तुमच्या शब्दावर एक महिना. कठडा काचेसारखा झाला तर कायमचे ठेवतो. नाही झाला तर त्यांना उतरा म्हणून तुम्हीच सांगायचं.”

आबा आले. पहिल्याच दिवशी त्यांना कानात घालायचं यंत्र दिलं, ज्याच्यावर आम्ही सगळे कुजबुजत्या आवाजात बोलतो. आबांनी ते तोंडासमोर धरलं आणि गर्जले, “सूनबाई! जरा चहा पाठव गं, आणि आलं घाल!” सोळाच्या सोळा जणांनी ऐकलं. त्या दिवसापासून अख्खी बोट मला सूनबाई म्हणायला लागली, कप्तानसुद्धा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सासऱ्यांवर ओरडायचं कसं?

मात्र त्यांचं काम बघितलं की राग विरायचा. हे मी एरवी कबूल करत नाही, आज करते. सकाळचं दव सुकलं की ते सुरू करायचे आणि ऊन तापायच्या आत थांबायचे. आधी डेकवर ओली फडकी अंथरायची, धूळ उडायला नको म्हणून. मग पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषेनंच. मग वॉर्निशचा एक हात, एका दमात, मध्ये थांबणं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा घासायचं आणि दुसरा हात. असे आठ हात. वारा आला की अंगावरचा सदरा काढून आडवा धरायचे, आणि कुणी शिंकलं तर त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे की बिचारा रात्रीपर्यंत समोर यायचा नाही. चौथ्या हातानंतर कठड्यात आभाळ दिसायला लागलं. आठव्यानंतर मी त्याच्यात बघून केस सारखे केले.

त्या कठड्यावर एक खाच होती. डाव्या बाजूला, मधोमध, आतल्या कडेला. कधीकाळी लोखंडी हूक पडून लाकडाचा टवका उडाला होता. आधीच्या लोकांनी फटी बुजवायची लांबी भरून बघितली, पण एका उन्हाळ्यात ती भुगा होऊन पडायची. कप्तानाच्या डोळ्यात ती खाच वर्षानुवर्षं खुपत होती. आबांनी लांबीला हातच लावला नाही. त्यांनी जुन्या सागवानाचे तुकडे शोधले, एकेक कठड्याला लावून रेष जुळवली, आणि दोन दिवस नुसते बघत बसले. मग पटाशीनं एक करवंदाएवढा तुकडा घडवला आणि बसवला.

“शोध,” ते मला म्हणाले.

मी डोळे फाडून बघितलं. बोट फिरवलं. नख लावलं. नाही सापडली. कप्तान पांढरे हातमोजे घालून आला, तपासणीला तो तसाच येतो. तीनदा इकडून तिकडे गेला. शेवटी त्यानं हात टेकले.

“आबा, पुढच्या महिन्यापासून तुम्ही आमचे,” कप्तान म्हणाला.

त्या दिवशी आबांनी चहा दोनदा मागितला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की दोन्ही वेळा मी स्वतः करून दिला.

चार दिवसांनी रात्री मोठ्या बाई आल्या. मालक दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता डझनभर पाहुण्यांना घेऊन येणार होते. हंगामाचं पहिलं जेवण पुढच्या डेकवर व्हायचं, ही मालकांच्या वडलांपासूनची रीत. मागच्या बैठकीतून सगळे निघायचे, मोठ्या बाई सर्वांत पुढे, एकट्या, डाव्या कठड्याच्या कडेनं. त्या चालायला लागल्या की पाहुणे बोलायचे थांबायचे.

सकाळी नऊ वाजता त्या दर खेपेसारख्या त्याच वाटेनं पुढे चहाला निघाल्या. मी ट्रे घेऊन चार पावलं मागे. त्या वाटेवर मधोमध तीन पायऱ्या खाली उतरतात. लाकूड तेच, रंग तोच. कठडा मात्र वरून सरळ पुढे जातो, म्हणजे हाताला काही पत्ता लागत नाही. मोठ्या बाईंचा हात कठड्यावरून सरकत होता. पायऱ्या जवळ आल्या. पायऱ्या आल्या. आणि त्या थांबल्याच नाहीत!

मी ट्रे टाकला आणि दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. त्यांचा एक पाय हवेत होता. कपबशा फुटल्या, चहा पायऱ्यांवरून खाली गेला.

मला वाटलं, आता आवाज लागणार. लागला नाही. त्या मटकन पायरीवर बसल्या. मग हात वर करून कठडा चाचपायला लागल्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

“इथली खाच कुठे गेली?” त्यांनी विचारलं.

“बुजवली, मोठ्या बाई. माझ्या सासऱ्यांनी.”

“चांगली बुजवली,” त्या म्हणाल्या. “सापडतच नाही.”

आणि मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ताटापासून दोन बोटं. दिव्याची कळ. उशीचं टोक खिडकीकडे. तीन बोटांवर गेलेला ग्लास आणि अधांतरी थांबलेला तो हात. अगं बाई! मी जिला इतकी वर्षं खडूस म्हणत आले, ती बाई चाचपत होती.

“किती दिसतं?” मी विचारलंच.

“तुझ्या जागी काहीतरी पांढरं दिसतं,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी नाक तरी दिसायचं. मुलाला वाटतं चष्म्याचा नंबर वाढलाय. त्याला कळलं की संपलं. मला घरी बसवेल आणि दोन्ही बाजूंना दोन नर्सा. चांगला आहे गं तो, म्हणूनच भीती वाटते. घरात रोज कुणीतरी खुर्ची हलवतं, दार अर्धं उघडं ठेवतं. तिथे मला बाईचा हात धरल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नाही. इथे तुम्ही लोक काही म्हणजे काही हलवत नाही. जगात एवढी एकच जागा उरली, जिथे मी एकटी चालते.”

बारा वर्षं उशांची टोकं सरळ केली, आणि त्याचा अर्थ आज पायरीवर सांडलेल्या चहात बसून कळत होता. मी तिथेच ढसाढसा रडले असते, पण काचा गोळा करायच्या होत्या.

“दुपारी मी पुढे चालते,” मी म्हणाले.

“तू माझ्या पुढे? माझ्या मुलाला लगेच संशय येईल. आणि पावलं मोजायचं म्हणशील तर पाहुणे बोलत असतात, मोजणं चुकतं. जमायचं नसेल तर मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत बसते. पण एकदा बसले की बसले, हे मला माहीत आहे.” त्यांनी माझं मनगट पकडलं. “कुणाला सांगू नकोस. शब्द दे.”

मी शब्द दिला. मग घड्याळ बघितलं. साडेनऊ.

आबा खाली आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ब्रश धूत होते. मी समोर बसले आणि एका श्वासात सांगितलं, “आबा, ती खाच परत पाडा. जिथे होती तिथेच. बाराच्या आत.”

आबांनी ब्रश खाली ठेवला. “सूनबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे.”

“पंचेचाळीस वर्षांत असा तुकडा मी एकदाच बसवलाय. एकदाच! आणि तू म्हणतेस तो मोडू? कशासाठी?”

“ते सांगता येत नाही.”

“मग मलाही मोडता येत नाही.”

“आबा, मी तुमच्या पाया पडते.”

“पड. तरी नाही.”

माझा पारा चढला. “हट्टीपणा घरी ठेवून यायचा होता ना! तिथे दारं खरवडलीत तेव्हा मी एक शब्द बोलले का? इथे आणलं कुणी तुम्हाला? माझ्या शब्दावर आलात, आता माझ्या शब्दावर एवढं करा!”

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांना असं कुणी बोलतं का? पण आबा रागावले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, आठव्या हाताच्या आधी लाकडाकडे बघायचे तसे. माझ्या सदऱ्यावर चहा सांडला होता. हाताला काच लागून रक्त आलं होतं.

“एवढंच सांग,” ते हळू आवाजात म्हणाले. “ही खाच बघायची आहे, की चाचपायची?”

मी शब्द दिला होता, त्यामुळे तोंड उघडलं नाही. डोळ्यातलं पाणी काही शब्द पाळत नाही, ते आलं.

आबा उठले. कोपऱ्यातल्या पेटीतून त्यांनी गोल कानस काढली.

मला बघवलं नाही, तरी मी बघितलं. आपण जीव ओतून जोडलेल्या लाकडावर त्यांनी कानस ठेवली, एकदा डोळे मिटले आणि ओढली. तुकडा निघाला, तो त्यांनी खिशात घातला. वाटलं, झालं काम. पण छे! मग त्यांनी डोळे बांधले. खरंच, गळ्यातला रुमाल डोळ्यांवर बांधला आणि मागून कठड्यावर हात ठेवून चालत आले. थांबले. म्हणाले, “आत्ता लागते ती उशिरा लागते.” खाच बोटभर अलीकडे वाढवली. पुन्हा चालले. पुन्हा घासली. असे सहा वेळा. शेवटी कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या, आत मेण चोळलं, कारण वॉर्निश वाळायला वेळ नव्हता.

साडेबाराला कप्तान पांढरे हातमोजे घालून आला. हातमोजा सरकत सरकत आला आणि खाचेत अडकला.

“हे काय आहे?” त्याचा आवाज वर चढला नाही. कप्तानाचा आवाज खाली उतरला की समजायचं, आता काही खरं नाही.

“कानस निसटली,” आबा म्हणाले.

“तयार कठड्यावर कानस कशाला?”

“म्हातारा हात आहे. चूक झाली.”

पंचेचाळीस वर्षांत आबांच्या तोंडून चूक हा शब्द कुणी ऐकला नव्हता, सासूबाईंनीसुद्धा नाही. मी पुढे झाले, तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी माझ्या अनवाणी पायावर आपला पाय असा दाबला की मी गप्पच झाले.

“पाहुणे गेले की सामान बांधा,” कप्तान त्यांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “सूनबाई, ठरलं होतं. तुम्हीच सांगायचं.”

एक वाजता मालक आले, पाहुणे आले. चपलांची टोपली भरली. मोठ्या बाई मागच्या बैठकीतून निघाल्या. मी पुढच्या डेकवर चांदीचा ट्रे धरून उभी, आबा खांबाशी, कप्तान त्यांच्या शेजारी. मोठ्या बाईंचा हात कठड्यावरून सरकत येत होता. एक पाहुणा मोठ्यानं काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. पाच पावलं. तीन. हात खाचेवर आला आणि थांबला.

मागे सगळे थांबले. मोठ्या बाईंचा अंगठा खाचेत गेला आणि आतून एकदा सावकाश फिरला. मग त्यांनी मान वर केली आणि तीन पायऱ्या अशा उतरल्या, अशा उतरल्या, की हसणारा पाहुणासुद्धा गप्प झाला.

बसल्या-बसल्या त्यांनी विचारलं, “कठडा कुणी केला?”

मालकांनी कप्तानाकडे बघितलं. कप्तान पुढे आला. “क्षमा असावी, बाईसाहेब. त्या खाचेबद्दल त्या माणसाला आजच उतरवतोय.”

“कशाबद्दल?” मोठ्या बाई म्हणाल्या. “ती खाच तिथेच आहे, वर्षानुवर्षं. मी रोज बघते. मला तर काही वेगळं दिसलं नाही. तुम्हाला दिसलं का?”

कप्तान बाईसाहेबांना खोटं कसं पाडणार?

“नाही, बाईसाहेब,” तो म्हणाला.

“मग झालं तर. माणूस चांगला आहे, ठेवून घ्या. कुठे आहे तो?”

आबा पुढे आले. मालक पाहुण्यांना बसवायला वळले, कप्तान खुर्च्या ओढायला लागला. मी ट्रे घेऊन मोठ्या बाईंच्या अगदी पाठीशी होते, म्हणून मला ऐकू आलं.

“जुनी खाच बोटाला टोचायची,” त्या हळूच म्हणाल्या. “ही टोचत नाही. आणि जरा आधी लागते.”

आबांचा हात खिशातल्या त्या तुकड्यावर होता.

“आत जेवणघराच्या दाराशी एक उंबरा आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तिथेही तुमची कानस एकदा निसटू द्या.”

मी तोंड फिरवलं, चांदीवर पाणी पडलं तर डाग उठतो म्हणून.

“हो बाई,” आबा म्हणाले. “दाराच्या कुठल्या बाजूला हात ठेवता?”